सरकारी कर्जाची ‘धोक्याची पातळी’ संशोधनातून ठरवता येते का?

अन्वय (धागाकर्ता)

नमस्कार. मी संख्याशास्त्र शिकवतो. अर्थशास्त्राशी माझा संबंध केवळ वाचकाचा आहे. गेले काही महिने सार्वजनिक कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या परस्परसंबंधावरचे संशोधन वाचतो आहे आणि जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २० प्रगत देशांची १९४६ ते २००९ या काळातील आकडेवारी मांडून असे दाखवले की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलेल्या वर्षांत सरासरी वाढ उणे ०.१ टक्के होती. पुढची तीन वर्षे हा ९० चा आकडा सर्वत्र फिरत राहिला. अमेरिकेत पॉल रायन यांच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तो आला आणि युरोपीय आयोगाचे तेव्हाचे आयुक्त ओली रेन यांनीही अर्थमंत्र्यांना लिहिताना त्याचा आधार घेतला. मग २०१३ साली तोच आकडा चुकीच्या गणितावर उभा असल्याचे निष्पन्न झाले.

गणितातली चूक मला समजते. ती कोणाच्याही हातून होऊ शकते. माझा प्रश्न त्यामागचा आहे. समजा एकही चूक झाली नसती, तरी वीस-पंचवीस देश, प्रत्येकाचा एकुलता एक इतिहास आणि प्रयोग करण्याची सोय नाही, अशा परिस्थितीत ‘कर्ज अमुक पातळीला गेले की वाढ तमुक इतकी घटते’ हे विधान कोणत्या बळावर करता येते? मी स्वतः आलेख काढून पाहिला. कर्जाचे प्रमाण आडव्या अक्षावर, वाढीचा दर उभ्या अक्षावर. रेघ उतरती येते, यात शंका नाही. पण त्या उतरत्या रेघेचा अर्थ काय लावायचा, आणि अर्थ लावता येत नसेल तर ज्यांना दरवर्षी अर्थसंकल्प मांडायचाच आहे त्यांनी कशाच्या आधारावर निर्णय घ्यायचा, हे जाणकारांनी सांगावे.

मध्यक

चांगला धागा. आधी त्या प्रसिद्ध चुकीविषयी, कारण तिच्याबद्दल बरेच अर्धवट बोलले जाते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील विभागात पीएचडी करणाऱ्या टॉमस हर्न्डन यांनी अभ्यासक्रमातील एका कामासाठी हा निबंध पुन्हा उभा करायला घेतला आणि मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांच्यासह त्यातील त्रुटी प्रसिद्ध केल्या. एक्सेलमधील सरासरीचे सूत्र पाच ओळी आधीच संपले होते, त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे वर्णानुक्रमाने पहिले आलेले पाच देश गणितातून गळले. वर्तमानपत्रांनी उचलले ते हेच. प्रत्यक्षात एकट्या या चुकीने निकालात फारसा फरक पडत नव्हता. खरा फरक पडत होता तो सरासरी कशी काढली त्याने.

राइनहार्ट-रोगॉफ यांनी प्रत्येक देशाची आधी स्वतंत्र सरासरी काढली आणि मग सर्व देशांना समान भार दिला. ब्रिटनमध्ये कर्ज ९० टक्क्यांच्या वर असलेली १९ वर्षे होती आणि त्या वर्षांतील सरासरी वाढ २.४ टक्के होती. न्यूझीलंडचे मात्र १९५१ हे एकच वर्ष त्या गटात धरले गेले आणि त्या वर्षीची वाढ होती उणे ७.६ टक्के. म्हणजे ब्रिटनच्या १९ वर्षांना जितके वजन, तितकेच न्यूझीलंडच्या एका वर्षाला. गटात सातच देश उरले असल्याने त्या एका वर्षाने एकूण निकालाचा सातवा हिस्सा व्यापला. न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही वर्षेही याच गटात बसत होती, पण ती संचात नव्हती. लेखकांचे म्हणणे असे की ती आकडेवारी तेव्हा नुकतीच तयार होत होती. ती चार वर्षे धरली की न्यूझीलंडची सरासरी उणे ७.६ वरून अधिक २.६ वर जाते. हर्न्डन आणि सहकाऱ्यांनी सर्व दुरुस्त्या करून, प्रत्येक देश-वर्षाला सारखे वजन देऊन काढलेली वरच्या गटाची सरासरी २.२ टक्के आली.

आता तुमच्या विषयातली गोष्ट. मूळ निबंधातच त्या गटाचा मध्यक १.६ टक्के असा छापलेला होता. सरासरी शून्याच्या खाली आणि मध्यक दीडच्या वर, एवढे एका तक्त्यात शेजारी-शेजारी दिसत असताना वाचणाऱ्याने तिथेच थबकायला हवे होते. तीन वर्षे कोणी फारसे थबकले नाही, याचे मला चुकीपेक्षा अधिक आश्चर्य वाटते.

आणखी एक. अमेरिकेची १९४६ ते १९४९ ही वर्षे या गटात आहेत आणि त्यांची सरासरी उणे २ टक्के आहे. युद्ध संपले, रणगाडे आणि विमानांचे कारखाने थांबले, लाखो सैनिक घरी परतले; उत्पादन घटणारच होते. कर्ज युद्धामुळे वाढले आणि घसरण युद्ध संपल्यामुळे झाली. या दोन गोष्टी एकाच ओळीत आल्या म्हणून कर्जाने वाढ रोखली असे म्हणता येत नाही.

त्रैराशिक

मध्यक यांच्याशी सहमत. त्यांच्या शेवटच्या मुद्द्यापासून पुढे जातो. अन्वय, तुमच्या आलेखाच्या आडव्या अक्षावर जे आहे ते कर्ज नव्हे, कर्ज भागिले जीडीपी आहे. आणि उभ्या अक्षावर जीडीपीचीच वाढ आहे. एकच राशी दोन्ही अक्षांवर बसलेली असताना रेघ उतरती आली नसती तरच नवल. कर्ज ८०, जीडीपी १००. मंदीत जीडीपी ९५ झाले की एक पैसाही नवे कर्ज न काढता प्रमाण ८४ च्या वर जाते. प्रत्यक्षात मंदीत करवसुली घटते आणि बेकारी भत्त्यासारखा खर्च वाढतो, म्हणून कर्जाची रक्कमही फुगते. अरिंद्रजित दुबे यांनी २०१३ साली दुरुस्त केलेली तीच आकडेवारी घेऊन एक सोपी तपासणी केली: आजच्या कर्जप्रमाणाचा संबंध पुढच्या वर्षांतील वाढीशी अधिक आहे की मागच्या वर्षांतील वाढीशी? तो मागच्या वाढीशी कितीतरी अधिक घट्ट निघाला. कारण आधी आणि परिणाम नंतर येतो एवढे गृहीत धरले, तर मंद वाढीमुळे कर्जाचे प्रमाण चढते हा अर्थ या आकडेवारीला जास्त जुळतो.

भाजकाविषयी आणखी सांगायला हवे, कारण धोरणाच्या चर्चेत अंशाकडे सगळ्यांचे लक्ष असते आणि छेदाकडे कोणाचे नसते. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये जीडीपीचे आधारभूत वर्ष १९९० वरून २०१० वर आणले. मोबाइल सेवा, चित्रपट उद्योग, किरकोळ व्यापार यांची जुन्या मापात नीट नोंदच होत नव्हती. ती झाल्यावर २०१३ सालचे जीडीपी ८९ टक्क्यांनी मोठे निघाले. म्हणजे कर्जाचे प्रमाण कागदावर जवळजवळ अर्ध्यावर आले. देणे तेवढेच आणि तिजोरीत येणारा महसूलही तेवढाच. अशा वेळी महसुलाच्या तुलनेत व्याजाचा बोजा किती, हे माप अधिक खरे बोलते. आयर्लंडची गोष्ट याहून विचित्र. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा तिथल्या ताळेबंदात हलवल्यामुळे २०१५ सालची वाढ २६ टक्क्यांच्या वर नोंदली गेली. त्यानंतर तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला देशातील लोकांच्या खऱ्या उत्पन्नाच्या जवळ जाणारे वेगळे, सुधारित माप तयार करावे लागले. आयर्लंडचे कर्जप्रमाण कोणी जीडीपीवर सांगू लागले तर मी त्या वाक्याकडे दुर्लक्ष करतो.

अवांतर: युरोपीय संघाच्या मास्ट्रिख्ट करारातील ६० टक्क्यांची मर्यादा कुठून आली, असे लोक विचारतात. ती वाढीवरच्या कोणत्याही अभ्यासातून आलेली नाही. करारावेळी सदस्य देशांचे सरासरी कर्ज साधारण तेवढे होते, आणि महागाईसह जीडीपी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत असेल आणि तूट ३ टक्क्यांवर ठेवली तर कर्जाचे प्रमाण कालांतराने ६० च्या आसपास स्थिरावते: ३ भागिले ०.०५. नाममात्र वाढ ३ टक्क्यांवर आली तर त्याच तुटीने तेच प्रमाण १०० कडे सरकते. वाढीचे गृहीतक बदलले, पण ६० आणि ३ हे आकडे करारात तसेच राहिले.

काठावरचा

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु चर्चेचा कल ‘कर्जाने काही बिघडत नाही’ याकडे झुकतो आहे आणि तो मला मान्य नाही. हर्न्डन यांच्या दुरुस्त आकड्यांतही कर्ज ३० टक्क्यांखाली असताना सरासरी वाढ ४.२ टक्के आणि ९० च्या वर असताना २.२ टक्के आहे. कडा नाहीशी झाली, उतार नाहीसा झालेला नाही. शिवाय २०१२ साली राइनहार्ट, राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी दीर्घकालीन कर्जभाराचे जे २६ प्रसंग तपासले, त्यांत वाढ सरासरी १.२ टक्के अंकांनी कमी होती आणि हे प्रसंग सरासरी २३ वर्षे चालले. मंदीमुळे कर्ज वाढले असे म्हणावे तर मंदी दोन-चार वर्षांत सरते. २३ वर्षांचे स्पष्टीकरण त्याने होत नाही.

त्रैराशिक

आक्षेप रास्त आहे. कर्जाने काही बिघडत नाही असे मला म्हणायचे नाही. तथापि २३ वर्षांच्या मुद्द्याने कार्यकारणाचा प्रश्न सुटत नाही. लोकसंख्या वृद्ध होणे किंवा उत्पादकता खुंटणे यांसारखी कारणेही दशकानुदशके चालतात आणि ती वाढ मंदावतात व कर्जही वाढवतात. जपानचे कर्ज जीडीपीच्या २०० टक्क्यांच्या वर आहे आणि वाढ मंद आहे, पण ती मंदगती कर्ज चढण्याच्या आधी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील पेस्कातोरी, सँड्री आणि सायमन यांच्या २०१४ च्या अभ्यासात तर वाढ एकदम ढासळावी अशी कोणतीही ठरावीक पातळी सापडली नाही. कर्ज चढते आहे की उतरते आहे, याला पातळीइतकेच महत्त्व असल्याचे दिसले. उतार आहे हे मान्य. त्यावरून धोरण ठरवता येते का, एवढाच वाद आहे.

तळटीप

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला, म्हणजे प्रयोग करता येत नसताना कारण कसे शोधायचे याला, अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पातळीचा प्रश्न बाजूला ठेवून बदलाचा प्रश्न विचारला तर वाट थोडी मोकळी होते. ‘९० टक्के कर्ज वाईट का’ याऐवजी ‘सरकारने एका वर्षात जीडीपीच्या एक टक्का इतकी काटकसर केली तर उत्पादनाचे काय होते’ असे विचारायचे. इथेही अडचण तीच: सरकार काटकसर कधी करते? बरेचदा अर्थव्यवस्था बरी चाललेली असताना, किंवा ती फारच तापली म्हणून. मग काटकसर आणि चांगली वाढ एकत्र दिसतात आणि काटकसरीने वाढ झाली असा भास होतो.

क्रिस्टिना रोमर आणि डेव्हिड रोमर यांनी २०१० च्या निबंधात यावर जो उपाय केला तो मला आजही या क्षेत्रातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतील प्रत्येक मोठ्या करबदलाची कागदपत्रे वाचली: अध्यक्षांची भाषणे, अर्थविषयक अहवाल, तिथल्या संसदेच्या (काँग्रेसच्या) समित्यांचे अहवाल. प्रत्येक बदल कोणत्या हेतूने केला गेला ते नोंदवले. मंदी येते आहे म्हणून केलेली करकपात किंवा युद्धखर्चासाठी केलेली करवाढ वेगळी काढली आणि जुनी तूट भरून काढण्यासाठी किंवा दीर्घकालीन वाढीच्या विचाराने केलेले बदल तेवढे ठेवले, कारण अशा बदलांचा त्या वेळच्या अर्थव्यवस्थेच्या चढउताराशी थेट संबंध नव्हता. जीडीपीच्या एक टक्का करवाढीने पुढच्या तीनेक वर्षांत उत्पादन जवळजवळ ३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष निघाला. सर्व करबदल सरसकट घेतले असते तर परिणाम याहून पुष्कळ लहान दिसला असता. अर्थमितीच्या सॉफ्टवेअरने जे साधले नसते ते संग्रहात बसून जुने अहवाल वाचल्याने साधले.

हीच पद्धत ग्वाहार्डो, ली आणि पेस्कातोरी यांनी १७ देशांच्या १९७८ ते २००९ या काळातील काटकसरीला लावली. त्याआधी आल्बेर्तो आलेसिना आणि सिल्व्हिया आर्दान्या यांनी असे मांडले होते की मोठ्या खर्चकपातीमुळे विश्वास वाढून वाढीला चालनाही मिळू शकते. त्यांचे माप होते मंदी-तेजीचा परिणाम वजा केलेली अर्थसंकल्पी शिल्लक. पण शेअर बाजार किंवा घरांच्या किमती चढल्या की महसूल आपोआप फुगतो आणि ही शिल्लक सुधारते. सरकारने काहीच केलेले नसले तरी काटकसर झाल्यासारखी दिसते. याच्या उलट २००९ साली आयर्लंड सरकारने प्रत्यक्षात कठोर काटकसर केली, परंतु घरांच्या किमती आणि शेअर बाजार कोसळल्याने हे माप त्या वर्षाला सैल धोरणाचे वर्ष ठरवत होते. सरकारने खरोखर कोणते निर्णय घेतले ते कागदपत्रांतून मोजल्यावर चित्र पालटले: एक टक्का काटकसरीने दोन वर्षांत जीडीपी सरासरी ०.६२ टक्क्याने घटते.

यावरून ०.६२ हा आकडा पाठ करून ठेवावा, असे मात्र नाही. २०१० च्या वसंतात नाणेनिधीने युरोपातील देशांचे जे अंदाज वर्तवले, त्यांत साधारण ०.५ इतका गुणक (एक टक्का काटकसरीने उत्पादन किती टक्के घटते ते माप) गृहीत होता. २०१३ साली निधीचेच तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि डॅनियल ली यांनी २६ युरोपीय अर्थव्यवस्थांसाठी अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील तफावत तपासली. ज्या देशाने जितकी अधिक काटकसर योजली होती तितका त्याचा अंदाज अधिक चुकला होता. दर एक टक्का काटकसरीमागे उत्पादन अंदाजापेक्षा सुमारे १.१ टक्क्याने कमी भरले. हा संबंध मोजक्या टोकाच्या देशांमुळे दिसतो का, हेही त्यांनी तपासले. कारणही समजण्याजोगे होते. एरवी सरकारने हात आखडला की मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवून धक्का सौम्य करते, चलन घसरून निर्यातीला हातभार लागतो. त्या वर्षांत व्याजदर आधीच तळाला होते, युरो वापरणाऱ्या देशांना स्वतःचे चलन नव्हते आणि शेजारचे सगळेच एकाच वेळी हात आखडत होते. जुना ०.५ सामान्य काळाचा होता आणि तो अपवादात्मक काळाला लावला गेला.

म्हणून अर्थसंकल्प मांडणाऱ्याने कशाचा आधार घ्यावा, या प्रश्नाला माझे उत्तर असे: पातळीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, बदलाच्या आकड्यावर ठेवावी, आणि तो आकडा घेताना व्याजदर कुठे आहेत, कर्ज स्वतःच्या चलनात आहे की परकीय, ते किती वर्षांनी फेडायचे आहे आणि ते कोणाकडे आहे, हे आधी पाहावे. व्याजदर ४ टक्के, वाढ २ टक्के आणि कर्ज जीडीपीइतके असेल तर प्रमाण नुसते स्थिर ठेवण्यासाठी व्याज सोडून सुमारे २ टक्के शिल्लक काढावी लागते. दोन्ही दर उलटे झाले तर सुमारे २ टक्के तूट ठेवूनही प्रमाण वाढत नाही. ब्लांशार यांनी जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात हेच सूत्र पुढे केले होते. त्यानंतर तीन-चार वर्षांतच व्याजदर झपाट्याने चढले, हेही विसरून चालणार नाही.

अन्वय (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दोन्ही अक्षांवर एकच राशी असल्याचा मुद्दा तर मी वर्गात उदाहरण म्हणून वापरणार आहे. एक उपप्रश्न: काही ठिकाणी ‘कृत्रिम देश’ रचून तुलना करण्याची पद्धत वाचनात आली. ती कर्जाच्या प्रश्नाला लावता येईल का?

मध्यक

पद्धत देखणी आहे. अबादी, डायमंड आणि हाइनम्युलर यांनी २०१५ साली जर्मनीच्या १९९० मधील एकीकरणाचा पश्चिम जर्मनीवर काय परिणाम झाला हे पाहण्यासाठी, एकीकरण झाले नसते तर पश्चिम जर्मनी कसा असता याचा नमुना म्हणून, ऑस्ट्रिया ४२ टक्के, अमेरिका २२, जपान १६, स्वित्झर्लंड ११ आणि नेदरलँड्स ९ टक्के असे मिश्रण बनवले. १९९० पूर्वी हे मिश्रण पश्चिम जर्मनीच्या दरडोई उत्पन्नाशी जवळजवळ तंतोतंत जुळते आणि त्यानंतर काही वर्षांतच दोन्ही रेघा फाकतात. २००३ पर्यंतचे नुकसान दरडोई वर्षाला सरासरी १,६०० डॉलर, म्हणजे १९९० च्या पातळीच्या सुमारे ८ टक्के भरते. मात्र मिश्रणातील देशांवर त्या घटनेचा परिणाम झालेला नसावा ही अट आहे, आणि ऑस्ट्रिया तर शेजारीच. लेखकांनीही या शंकेची दखल घेतली आहे.

कर्जाला ही पद्धत लावण्यात अडचण अशी की इथे तारीख लागते. एकीकरणाला तारीख होती. कर्जाचे प्रमाण ८९ वरून ९१ वर गेले त्या तिमाहीत देशात काहीच घडलेले नसते, आणि जे घडलेले असते ते बहुधा कित्येक वर्षे आधीचे असते.